पिवळ्या रेघेच्या उजवीकडं

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा बाहेर आला होता. तेव्हापासून मी ही अट घालतो.

संपला? बरं. तर माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला किती गोत्यात घालू शकतो हे बघायचं असेल, तर शिवाजी पेठेत आमच्या कारखान्यात या. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबलचक शेड, दोन लेथ, एक करवतीचं मशीन आणि सात माणसं. आम्ही पोळपाट, लाटणी, रव्या, पळ्या, उलथणी करतो. वडिलांनी सुरू केलं आणि आता मी चालवतो, असं मी लोकांना सांगतो. खरं तर लाकडाचं काम बंडूमिस्त्री चालवतात आणि कागदपत्रं माझी बायको शोभा चालवते. मग मी काय करतो? मी आल्यागेल्याला चहा विचारतो.

झालं असं, की पुण्याच्या एका एक्सपोर्टवाल्यानं आमची लाटणी परदेशात कुणाला तरी दाखवली आणि तिकडच्या लोकांना ती आवडली. लाटणं! ज्यांनी जन्मात पोळी पाहिली नाही त्यांना लाटणं आवडलं! बंडूमिस्त्री दोन दिवस जमिनीवर नव्हते.

"मालक, चाळीस वरसं लाटणी काढली," ते म्हणाले, "पर गडहिंग्लजच्या म्होरं एक गेलं न्हाय. आता ह्ये समिंदर वलांडणार बगा!"

पण तिकडच्या लोकांची एक अट होती. लाटण्याचं लाकूड नीट सांभाळलेल्या रानातलंच पाहिजे, आणि तसं प्रमाणपत्र पाहिजे. प्रमाणपत्र नाही तर ऑर्डर नाही. आणि ऑर्डर नाही तर पावसाळ्याचे चार महिने सात माणसांच्या हाताला काम काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यापुढं होताच.

आता ही प्रमाणपत्राची भानगड काय, ते कळल्याशिवाय माझा पराक्रम तुम्हाला कळायचा नाही. जगात कुठंतरी एक जंगल असतं, नाहीतर झाडांचा मळा असतो. तिथं माणसं जाऊन बघतात, की बाबांनो, झाडं तोडता तर पुन्हा लावता का? ओढ्याकाठची झाडं सोडता का? तिथं राहणाऱ्यांना विचारता का? तोडणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का? सगळं नीट असलं तर त्या रानाला प्रमाणपत्र मिळतं. पण एवढ्यावर भागत नाही! ते लाकूड मग मिलमध्ये जातं, व्यापाऱ्याकडं जातं, तिथून आमच्यासारख्याकडं येतं. ज्याच्या ज्याच्या हातातून जाईल त्या प्रत्येकानं ते दुसऱ्या लाकडात मिसळू द्यायचं नाही. कुठून आलं, किती आलं, त्याचं काय केलं, हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. मधला एक जरी गडबडला, तरी साखळी तुटली. सगळ्या जगात हे असंच चालतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, लाटण्याला जन्मदाखला? आता मात्र यावर कुणी हसलं तर मी भांडायला उठतो. का, ते कळेल तुम्हाला.

पुण्याहून कागदांचं एक जाडजूड बाड आलं. मी पहिलं पान वाचलं आणि मला झोप आली. शोभानं मात्र रोज दुपारी जेवणानंतर ते बाड पोथीसारखं वाचायला घेतलं आणि बंडूमिस्त्री समोर मांडी घालून ऐकायला लागले. सातवी शिकलेला माणूस! पण एकेक ओळ अशी पकडायचे, की शोभाला मागची पानं पुन्हा उलटायला लागायची.

मग त्यांनी शेडच्या मधोमध जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली.

"डावीकडं दाखल्याचं लाकूड," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "उजवीकडं बाकीचं. हिकडचं तकडं गेलं तर गाठ माझ्याशी हाय."

केरळातल्या एका प्रमाणपत्रवाल्या मळ्यातून रबराच्या झाडाचं लाकूड आलं. पांढरट, साधंसुधं. मिस्त्रींनी प्रत्येक फळीवर खडूनं नंबर घातला. ते लाकूड लेथवर चढवायच्या आधी लेथ झाडून पुसून लख्ख करायचे. त्याचा भुस्सासुद्धा वेगळ्या पोत्यात! तीन महिने हे चाललं होतं. एकदा मी वळवाच्या पावसातून आलो आणि छत्री डावीकडं टेकवून ठेवली. मिस्त्रींनी ती उचलली आणि उजवीकडं नेऊन ठेवली.

"मिस्त्री, ती छत्री आहे," मी म्हटलं.

"व्हय की. पर तिला दाखला कुठं हाय?"

मी हसलो. माणसं सगळी हसली. मिस्त्री नाही हसले.

आणि मग ते पत्र आलं. बुधवारी सकाळी दहा वाजता ऑडिटर मॅडम तपासणीला येणार.

आता इथं मला तुम्हाला आमच्या अक्काच्या लग्नाचं सांगायला पाहिजे. विषय सोडून चाललो नाही, थांबा जरा. अक्काला बघायला जयसिंगपूरची मंडळी येणार होती. आमच्या घरात बसायला दोन सतरंज्या. वडिलांनी काय केलं? शेजारच्यांचा सोफा आणला, समोरच्यांचा टीव्ही आणला, वरच्या आळीतून टेबलफॅन आणला. पाव्हण्यांनी सोफ्यावर हात फिरवत विचारलं, "झकास हाय की हो! कुठनं घेतला?" वडील मान ताठ करून म्हणाले, "घरचाच आहे. वडिलोपार्जित." लग्न ठरलं! अक्का आज नातवंडांत सुखी आहे. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की पाव्हणं बघायला येणार असतील तर घर भरलेलं दिसलं पाहिजे.

आणि आमची शेड तर रिकामी! तीन महिन्यांत बरंचसं लाकूड लाटण्यांत गेलेलं. डावीकडं उरली होती गुडघ्याएवढी एक थप्पी. तीही पांढरी फटक. एवढ्या लांबून बाई येणार आणि आम्ही त्यांना हे दाखवणार?

मंगळवारी बंडूमिस्त्री नातीच्या बारशाला गेले होते. मैदान मोकळं होतं. मी शोभाला माझा बेत सांगितला.

तिनं कपाळावर हात मारला. "अवं, त्या लाकूड किती हाय ते बघून खूश व्हायला येत न्हाईत! त्ये कुठनं आलं, ह्ये इचारायला येत्यात!"

"तू गप. मला पाव्हण्यांचं कळतं."

"करा मग काय करायचं त्ये," ती म्हणाली आणि घरात निघून गेली. शेडच्या मागच्या दारातून आमचं घर लागूनच आहे.

आमच्या शेजारी अण्णांची लाकडाची वखार आहे. अण्णा म्हणजे दिलदार माणूस. मी म्हटलं, "अण्णा, एका दिवसापुरतं जरा सागवान द्याल का? नुसतं दाखवायला."

"अरं म्हादू, त्यात इचारायचं काय? ने की! लागंल तेवढं ने!"

दोन हमाल लावून मी सागवान आणलं. काय सोनेरी लाकूड! वासे, फळ्या, छातीएवढी थप्पी झाली. आणि ती ठेवली कुठं? दारातून आत आल्यावर माणसाची नजर आधी डावीकडं जाते. म्हणून डावीकडं. त्या पांढऱ्या फळ्यांना अगदी खेटून.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो का?

पांढऱ्या फळ्यांवर खडूनं काहीबाही खरडलेलं दिसत होतं. पाव्हण्यांपुढं असल्या रेघोट्या बऱ्या दिसतात का? मी ओलं फडकं घेतलं आणि एकेक नंबर स्वतःच्या हातानं पुसला. मग तेलाचा बोळा फिरवला. फळ्या अशा चमकायला लागल्या, की मीच माझ्यावर खूश झालो.

राहिली ती जमिनीवरची पिवळी रेघ. मांडववाल्याकडून लाल जाजम आणलं आणि दारापासून पार शेवटपर्यंत अंथरलं. रेघ गायब! एका कोपऱ्यात टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर. जेवणाचं तिथं ठेवायचं होतं. टेबल डुगडुगत होतं, तर हाताला लागला तो लाकडाचा तुकडा पायाखाली सरकवला. सगळीकडं एकदा नजर टाकली आणि मला वडिलांची फार आठवण आली.

बुधवारी नऊ वाजता बंडूमिस्त्री आले. दारातच थबकले. जाजम बघितलं, सागवान बघितलं, मग जाऊन एका पांढऱ्या फळीवरून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं.

"मालक," ते अगदी हळू म्हणाले, "ह्ये काय केलासा?"

"कसं दिसतंय सांगा!"

मिस्त्री जाऊन लेथजवळच्या स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. चाळीस वर्षांत मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बारशाची दगदग झाली असेल. बघा माझी अक्कल!

बरोबर दहाला कांबळे मॅडम आल्या. तिशीच्या असतील. पाठीवर बॅग, पायात बूट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. मी हात जोडले.

"या, या मॅडम! आधी चहा घेऊ."

"धन्यवाद. काम झाल्यावर बघू."

"मग सरबत?"

"नको."

"दुपारी तांबडा-पांढरा आहे. मटण सकाळीच आणलंय, आमच्या मंडळी—"

"मी डबा आणलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तपासणीच्या दिवशी आम्ही कुणाकडं जेवत नाही. नियम आहे."

कोल्हापुरात येऊन कुणी तांबड्या-पांढऱ्याला नाही म्हणतं? मला पहिला घाम तिथंच फुटला.

मॅडमनी शेडभर नजर फिरवली. ती बरोबर माझ्या सागवानावर थांबली. माझी छाती फुगली.

"हे सागवान कुणाचं?"

माझ्या तोंडून वडीलच बोलले. "घरचंच आहे. वडिलोपार्जित."

"वडिलोपार्जित लाकूड?" त्यांनी वही काढली. "कुठल्या रानातलं?"

आता रान कुठलं सांगायचं? लांबचं सांगितलं तर कागद मागतील. म्हटलं, जवळचं सांगू. "आपल्या राधानगरीचं की! एकदम अस्सल."

मॅडमचं पेन थांबलं. "राधानगरीचं? मी तिथलीच. कुठल्या गावचं?"

"म्हणजे... गावाचं असं नाही. आत. रानात."

"आत तर अभयारण्य आहे. अभयारण्यातून सागवान तोडून आणलंत?"

बघा! पाच मिनिटांपूर्वी मी लाटणीवाला होतो. आता मी लाकूडचोर झालो! वहीत काहीतरी लिहिलं जात होतं आणि मला त्या लिहिण्याचा आवाज ऐकू येत होता.

"नाही नाही नाही! तोडलं नाही! राधानगरी चुकून म्हणालो. हे जयसिंगपूरहून आलंय."

"बिल दाखवा."

"बिल नाही. नात्यातलं आहे. सासऱ्यांनी दिलं. प्रेमानं."

"सासऱ्यांनी? लग्नात?"

"हो, लग्नातच!" मी म्हटलं, कारण तेवढ्यात तेच सुचलं.

"म्हणजे हुंड्यात?"

लाकूडचोरीतून सुटायला गेलो आणि हुंड्यात अडकलो. तेवढ्यात मागच्या दारातून शोभाचा आवाज आला.

"आमच्या अप्पांनी एक काडी दिली न्हाय हो म्याडम! ह्यास्नी फकस्त मला दिली, आणि त्ये बी चूक झाली!"

माझी माणसं लेथच्या मागं तोंडात टॉवेल कोंबून उभी होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर पुढच्या दारात अण्णा उभे.

"म्हादू, आरं त्यातलं दोन वासं दे की बाबा! गिऱ्हाईक येऊन उभं ऱ्हायलंय. बाकीचं ऱ्हाऊ दे, सांजच्याला न्हेतो." मग त्यांना मॅडम दिसल्या. "ह्याच का पाव्हणं? नमस्कार. लाकूड आवडलं न्हवं? आमच्या वखारीतलं हाय!"

मी अण्णांना डोळ्यांनी खुणावत होतो आणि अण्णा मॅडमकडं बघून हसत होते.

मॅडमनी वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली वाकल्या, त्यांनी जाजमाचा कोपरा उचलला, खालची पिवळी रेघ बघितली आणि जाजम परत ठेवलं.

"म्हणजे सगळी व्यवस्था होती," त्या म्हणाल्या. "ती तुम्ही झाकलीत. प्रमाणित मालाच्या जागेत बाहेरचं लाकूड आणलंत. ह्या फळ्यांवर नंबर होते का?"

"होते."

"कुणी पुसले?"

"मी," मी म्हटलं. दिवसभरातलं ते माझं पहिलं खरं वाक्य होतं.

"मग ह्या फळ्या त्याच आहेत, हे मी कशावरून समजू? शेजारच्या वखारीतून ह्यासुद्धा आणलेल्या असू शकतात. साखळी इथं तुटली. मला तसंच लिहावं लागेल."

माझ्या डोळ्यांपुढं पावसाळा उभा राहिला. लेथ बंद आणि सात माणसं दारात. आणि खरं सांगू? त्याच्यापेक्षा जास्त मला बंडूमिस्त्रींकडं बघवत नव्हतं. म्हाताऱ्यानं तीन महिने जीव ओतला होता आणि मी तो अर्ध्या दिवसात ओल्या फडक्यानं पुसला. लाज वाटणं म्हणजे काय ते मला पन्नाशीत कळलं.

मिस्त्री उठले. टोपी घातली.

"म्याडम, येक इचारू?"

"विचारा की."

"लाकूड टोकाकडनं बघता का जरा?"

मॅडम थप्पीजवळ गेल्या. मिस्त्रींनी एक फळी उचलून तिचं टोक उजेडाकडं धरलं. तिथं पटाशीनं कोरलेल्या बारीक खाचा होत्या. तीन उभ्या, एक आडवी, दोन उभ्या. दुसऱ्या फळीवर वेगळ्या. तिसरीवर आणखी वेगळ्या.

"खडू पुसतो, म्याडम," ते म्हणाले. "पावसानं पुसतो, घामानं पुसतो. म्हणून आल्या दिवशीच समद्या फळ्यांस्नी खाचा मारल्या. आनी..." ते जरा घुटमळले. "आनी आमच्या मालकास्नी पुसायची सवय हाय."

मी मान खाली घातली. घालण्यासारखीच होती.

"ह्या खाचांची नोंद आहे?" मॅडमनी विचारलं.

शोभा आतून एक वही घेऊन आली. मला त्या वहीचा पत्ता नव्हता. मिस्त्री सांगायचे, ती लिहायची. कुठली फळी कधी आली, लांबी किती, तिची लाटणी किती निघाली, फुटकी किती, तुकडे किती उरले, भुस्सा किती. भुश्शाच्या पोत्याचं वजनसुद्धा!

मग दोन तास मी जे बघितलं, ते कुठल्या तालमीत बघायला मिळायचं नाही. अण्णांनी स्वतः माणसं लावून सागवान बाहेर काढलं. जाजम गुंडाळलं गेलं. मॅडम बाह्या वर करून जमिनीवर बसल्या. एकेक फळी मोजायच्या, खाचा वाचायच्या, आणि मिस्त्री वही न बघता सांगायचे, "सतरा नंबर. साडेपाच फूट. कडंला गाठ हाय, म्हणून मागं ठेवलीया." मॅडम फळी उलटायच्या, तर कडेला गाठ! शोभा वहीतून वाचून जुळवायची. तिघांचं असं जमलं होतं, की मधे बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि मी? मी भिंतीला टेकून उभा होतो. मला अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानात माझा काडीचा वाटा नव्हता.

"एक कमी आहे," मॅडम म्हणाल्या. "एकोणतीस नंबरचा उरलेला तुकडा. दीड फुटाचा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. सगळे शोधायला लागले. पोती उपसली, लेथखाली वाकून बघितलं. कुठं नाही. दोन तासांची जुळवाजुळव एका तुकड्यासाठी अडली.

मी हळूच त्या टेबलाकडं बघितलं.

"मालक," मिस्त्री म्हणाले, "तिकडं का बघतायसा?"

मी वाकलो आणि टेबलाच्या पायाखालचा तुकडा ओढून काढला. टेबल कलंडलं, चादर घसरली, रिकामी पातेली शेडभर घरंगळत गेली. तुकड्याच्या टोकावर खाचा होत्या. एकोणतीस.

तेव्हा मात्र मॅडम हसल्या. अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळी शेडच हसली.

काम संपल्यावर त्या दारात बसून स्वतःचा डबा खात होत्या. मी जरा अंतर ठेवून उभा राहिलो आणि विचारलं, "मॅडम, रागावू नका, पण एका लाटण्यापायी एवढं सगळं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बोलल्या तेव्हा ती ऑफिसातली भाषा गळून पडली होती.

"आमच्या घरामागं एक टेकडी हुती," त्या म्हणाल्या. "गर्द झाडी. मालकीचं रान हुतं कुणाचं तरी. मी चौथीत असताना आठवड्याभरात समदी साफ झाली. ट्रकच्या ट्रक गेलं. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीखालचा झरा आटला. आई दोन घागरी घेऊन कुठल्या कुठं जायची. त्या लाकडाच्या खुर्च्या झाल्या असतील, दारं झाली असतील. कुणीतरी त्येच्यावर आरामात बसलं असंल. पर त्या माणसाला आमचा झरा म्हाईत न्हाय, आणि आमाला त्यो माणूस. कुणी इचारलंच न्हाय, लाकूड कुठनं आलं म्हणून. आता मी इचारतो."

आमच्याकडच्या बायका 'मी इचारतो, मी येतो' असंच म्हणतात. ते ऐकलं आणि मला उगाच भरून आलं. मग मी जगाचा विचार केला. कुठं कुठं कसली कसली रानं असतील, आणि प्रत्येक ठिकाणी अशी कुणीतरी वही घेऊन जमिनीवर बसत असेल, खाचा मोजत. जन्मदाखल्यावर हसणाऱ्या मी त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

जाताना मॅडमनी निकाल सांगितला. बाहेरचं लाकूड आत आल्याबद्दल ताशेरा, चूक दुरुस्त केल्याचा पुरावा पाठवायचा. फळ्यांची नोंद अचूक. आणि शेवटी एक ओळ, जी त्यांनी मला स्वतः मोठ्यानं वाचायला लावली. "मालकांना ह्या पद्धतीची प्राथमिक माहिती नाही. प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षक, बंडू मिस्त्री."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी मांडी घालून बसतो, शोभा बाड वाचते आणि मिस्त्री मला प्रश्न विचारतात. चुकलो तर पुन्हा पहिल्या पानापासून. वहीत 'शिकाऊ' असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं माझी सही.

प्रमाणपत्र आलं. पहिली खोकी भरली, त्यांवर लेबलं लागली. मिस्त्रींनी प्रत्येक खोक्यावरून असा हात फिरवला, जशी मुलगी सासरी धाडतायत. म्हटलं, ह्याचा फोटो पाहिजेच. अण्णांच्या हातात मोबाइल दिला. सगळी माणसं खोक्यांमागं रांगेत उभी राहिली, शोभा पुढं, मिस्त्री मधोमध. मी धावत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहायला गेलो, तर मिस्त्रींनी हात आडवा धरला.

"मालक, थांबा. तुमी हिकडं नगा येऊ."

"का हो?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. माझा पाय पिवळ्या रेघेवर होता.

"तुमचं ट्रेनिंग कुठं पुरं झालंय अजून?"

तो फोटो भिंतीवर लावलाय, जाताना बघून जा. डावीकडं मिस्त्री, शोभा, सहा माणसं आणि दाखल्याची लाटणी. उजवीकडं मी आणि माझी छत्री.